पलंगाखालचे दिवस

रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्यांची रील्स तुम्हीही पाहिली असतील. पहिल्या शॉटमध्ये गटाराच्या कडेला अंग चोरून बसलेलं, बरगड्या मोजता येतील असं कुत्रं. मागे पियानो. मग 'दिवस पहिला' अशी अक्षरं, मग लगेच 'दिवस तिसावा', आणि तेच कुत्रं सोफ्यावर उताणं पडून पोट खाजवून घेतंय. अर्ध्या मिनिटात अख्खं आयुष्य मार्गी लागतं. माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं, हे आधीच कबूल करते. नाहीतर पुढचं सगळं तुसडेपणातून आलंय असं वाटायचं.

माझा प्रश्न त्या दोन अक्षरपाट्यांच्या मधल्या कटबद्दल आहे.

गेल्या पावसाळ्यात मी सुपारीला घरी आणलं. दीड-दोन वर्षांची, भाजक्या सुपारीच्या रंगाची गावठी कुत्री. सोडायला आलेल्या बाईंनी पट्टा काढला आणि ती सरळ आत जाऊन पलंगाखाली, भिंतीला चिकटून बसली. बारा दिवस तिथेच होती. रात्री मी झोपले की बाहेर यायची, दहीभाताचा वाडगा चाटूनपुसून साफ करायची, बाल्कनीत कार्यक्रम उरकायची, आणि मी कूस बदलल्याचा आवाज आला की पुन्हा आत. दुसऱ्या दिवशी मी केर काढायला झाडू उचलला. नुसता उचलला. पलंगाखालून आवाज काहीच आला नाही, फक्त फरशीवरून एक ओली रेघ हळूहळू बाहेर आली. पुढचे कित्येक दिवस मी जमिनीवर बसून फडक्यानं केर गोळा करत होते.

आठव्या दिवशी मी त्या बाईंना मेसेज लिहिला: हिच्यासाठी दुसरं चांगलं घर बघा, मला जमत नाहीये. पाठवला नाही, पण पुसलाही नाही. तो लिहिताना मला सगळ्यात जास्त काय टोचत होतं? घाण साफ करणं नव्हे. मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं. मी हिला आसरा दिला आणि ही माझ्याकडे बघतही नाही!

ही अपेक्षा माझ्यात आली कुठून, हा खरा प्रश्न. आमच्या घरी कधी कुत्रं नव्हतं. कुत्र्यांबद्दल मला जे काही ठाऊक होतं ते गोष्टींमधून आणि सिनेमांमधून. मग मी त्याच पुन्हा काढून बसले, पलंगाशेजारी जमिनीवर, सुपारीकडे पाठ करून.

हाचिकोपासून सुरुवात केली, कारण सगळे तिथूनच करतात. खरा हाचिको 1923 साली जन्मला. त्याचे प्राध्यापक 1925 च्या मे महिन्यात अचानक वारले, आणि तो 1935 च्या मार्चपर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. म्हणजे सहवास दीड वर्षाच्या आसपास आणि वाट पाहणं जवळजवळ दहा वर्षं. 2009 च्या हॉलिवूडपटात रिचर्ड गीअरला ते पिल्लू स्टेशनवरच सापडतं, आणि जुळायला काही वेळ लागत नाही. वेळ सगळा पुढे, वाट पाहण्यात. कुत्रं माणसासाठी दहा वर्षं थांबलं तर आपण त्याचा पुतळा उभारतो. मी कुत्र्यासाठी आठ दिवस थांबले आणि परतीचा मेसेज लिहायला घेतला. सिनेमा वाईट आहे असं नाही. पण थांबणं हे कुत्र्याचं काम, असं तो गृहीत धरतो, आणि आपल्या गळी उतरवतो.

'७७७ चार्ली' (2022) हा कन्नड सिनेमा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलाय आणि त्यात रडलाही आहात. दिग्दर्शक किरणराज के. यांनी एक गोष्ट फार चांगली केली आहे: चार्ली कुठून आली ते लपवलेलं नाही. पैशासाठी पिल्लं काढणाऱ्या माणसाच्या तावडीतून ती पळते, आणि जवळच्या नात्यातल्या कुत्र्यांची पैदास केल्याचे परिणाम तिला शेवटी भोगावे लागतात. आपल्याकडच्या मुख्य धारेतल्या सिनेमात हे इतकं स्पष्ट क्वचितच येतं. पण त्या पिंजऱ्याची भीती चार्लीच्या अंगात फारशी उतरत नाही. ती धर्माच्या घरात शिरते, पसारा करते, त्याच्या मागे मागे हिंडते. बुजलेला, कोपऱ्यात बसलेला, कुणाला जवळ येऊ न देणारा जीव या सिनेमात आहे, तो म्हणजे धर्मा स्वतः. रक्षित शेट्टीनं तो केलाय सुद्धा तसाच, आतून कडी लावल्यासारखा. कुत्री येते आणि ती कडी काढते. म्हणजे माणसाचं बुजरेपण सोडवायला अडीच तास दिले आहेत, आणि कुत्रीला मात्र आपलं बुजरेपण आणायची परवानगी नाही. तिनं बरं करायला यायचं, बरं व्हायला नाही.

तुम्ही म्हणाल, भीती सोडवण्याची गोष्ट तर 'द लिटल प्रिन्स'मध्ये आहे. आहेच. 1943 च्या त्या पुस्तकातला कोल्हा राजपुत्राला रीतसर पद्धत शिकवतो: लांब बस, बोलू नकोस, रोज थोडं जवळ ये, ठरलेल्या वेळीच ये. बुजऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आजचा प्रशिक्षकही याहून फार वेगळं सांगणार नाही. पण या वेळी वाचताना ठेच लागली. पद्धत सांगून होते, आणि मग पुढच्याच वाक्यात कोल्हा माणसाळलेला असतो, निरोपाची वेळ आलेली असते. रोज थोडं जवळ येण्याचे जे दिवस, ते पानावर नाहीतच! सेंट-एक्झुपेरीलाही कट मारावासा वाटला. आपण इन्स्टाग्रामला काय बोल लावायचा?

तसं पाहिलं तर प्राणी दत्तक देणाऱ्यांकडे हल्ली सर्रास सांगितला जातो तो 'तीन-तीन-तीन'चा नियमही एक गोष्टच आहे. तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. अंदाज म्हणून ठीक. पण त्याची रचना बघा: तीन अंकी नाटक, शेवट गोड. बाराव्या दिवशी माझं कुत्रं पहिल्या अंकातच अडकलं होतं, आणि मला वाटत होतं की नापास तीही झाली आणि मीही.

या सगळ्यात कट न मारणारा एक लेखक सापडला, आणि तोही जिथे मी शोधला नसता तिथे. जॅक लंडनचं 'व्हाइट फँग' (1906) शाळेत असताना संक्षिप्त आवृत्तीत वाचलेलं. बर्फ, लांडगे, झुंजी. त्या काळी थिओडोर रूझवेल्टनं लंडनवर प्राण्यांबद्दल काहीबाही रचल्याचा आरोप केला, तो त्यातल्या झुंजींवरून. पण पूर्ण पुस्तकात झुंजी संपल्यानंतर एक प्रकरण आहे, ते बहुधा संक्षिप्त करताना पहिलं उडतं. वीडन स्कॉट नावाचा माणूस या अर्धवट लांडग्याला एका क्रूर मालकाकडून सोडवून आणतो, हात पुढे करतो, आणि कडकडून चावा खातो. दुसऱ्या दिवशी तो येतो तेव्हा हात झोळीत आहे. काठी नाही, बंदूक नाही. तो काही फुटांवर जमिनीवर बसतो आणि बोलत राहतो. मांसाचा तुकडा पुढे धरतो, कुत्रं घेत नाही. पायापाशी टाकतो, तेव्हा घेतं, तेही नजर त्याच्यावरच ठेवून. असं कितीतरी वेळा. मग एकदा तो तुकडा टाकत नाही, हातातच ठेवतो.

इथे लंडन जे करतो ते मला फार मोठं वाटतं. तो हाताकडे कुत्र्याच्या उंचीवरून बघतो. वरून खाली येणारा हात. आपल्याला तो मायेचा वाटतो, कारण आपण त्याच्या वरच्या टोकाला असतो. व्हाइट फँगला त्या हातातून आजवर फक्त मार मिळालाय, म्हणून हात खाली येताना तो आक्रसत जातो, गुरगुरत राहतो, आणि तरीही सहन करतो. स्पर्श आवडतोय आणि भीती गेलेली नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. गुरगुरणं थांबत नाही. फक्त त्याच्या तळाशी समाधानाचा एक बारीक सूर येतो आणि तो स्कॉटशिवाय कुणाला ऐकू येत नाही. एवढ्यात मॅट हा सोबती खरकट्या पाण्याचं भांडं घेऊन दारात येतो, ते दृश्य पाहून चकित होऊन ओरडतो, आणि झालं! कुत्रं उडी मारून मागे. स्कॉट पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

ते खरकट्या पाण्याचं भांडं मला कुठल्याही करुण शेवटापेक्षा खरं वाटतं. आमच्याकडे ते काम कुकरच्या शिट्टीनं केलं. तेराव्या दिवशी सुपारीचं नाक पलंगाच्या चादरीखालून बाहेर आलं होतं, आणि शेजारच्या घरात शिट्टी झाली. पुढचे दोन दिवस नाक दिसलं नाही.

अर्थात लंडनचंही मला सगळं पटत नाही. त्याच्या लेखी माणूस म्हणजे कुत्र्याचा देव, आणि या प्रकरणाचं नावच प्रेमळ मालकावर आहे, कुत्र्यावर नाही. इतका सूक्ष्म पाहणारा लेखक शेवटी त्या लांडग्याला कॅलिफोर्नियाच्या बंगल्यात नेऊन घराची राखण करायला लावतो, आणि जीव धोक्यात घालून मालकाचं कुटुंब वाचवायला लावतो. मायेची परतफेड झालीच पाहिजे. माझ्या त्या आठव्या दिवसाच्या मेसेजमध्ये हीच वसुली होती, फक्त इंग्रजी कादंबरीइतकी भव्य नव्हती.

परतफेडीशिवायचं नातं शोधताना मी महाभारतापाशी येईन असं वाटलं नव्हतं. महाप्रस्थानिक पर्वातला कुत्रा आपल्याला लहानपणी 'निष्ठावान' म्हणून सांगितला जातो: द्रौपदी पडली, भाऊ एकेक करून पडले, कुत्रा मात्र सोबत राहिला. पण मूळ संवाद वाचा. इंद्र रथ घेऊन आलाय, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही म्हणतोय, आणि युधिष्ठिर आपलं व्रत सांगतोय: कुणाकुणाला मी जीव गेला तरी टाकणार नाही. त्या यादीत पहिला शब्द 'भीत' आहे. घाबरलेला. 'भक्त' त्यानंतर येतो. आपण सांगताना पहिला शब्द गाळला आणि दुसऱ्याची गोष्ट केली. युधिष्ठिर कुत्र्याच्या गुणांचं प्रमाणपत्र इंद्रापुढे धरत बसत नाही, स्वतः कशाला बांधलेला आहे ते सांगतो. निष्ठा तिथे माणसाची आहे. (तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे नंतर उघड होतं. 'चार्ली'च्या नायकाचं नाव धर्मा आहे, तेव्हा तिथेही हा प्रसंग मनात असावा. पण नाव कुत्र्याकडून माणसाकडे गेलं, आणि त्याबरोबर भीतीही.)

मराठीत आपली अडचण थोडी वेगळी आहे. पु. लं.चं 'पाळीव प्राणी' आपल्या सगळ्यांना जवळजवळ पाठ, पण त्यात घाबरतो तो पाहुणा, आणि ते हसू पूर्णपणे न्याय्य आहे. कुत्रं चावतं, आणि कुत्रेवाले लोक असह्य असतात, दोन्ही खरं. नामदेवांची गोष्ट तर त्याहून जुनी: कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. भूतदयेचा केवढा मोठा प्रसंग! पण या वेळी माझ्या मनात आधी आलं ते त्या कुत्र्याचं. तोंडात पोळी, मागे धावत येणारा माणूस, हातात काहीतरी. त्याला तूप कसं कळणार? कुत्र्याच्या बाजूनं हा प्रसंग कुणीतरी लिहायला हवा, विनोदी नको.

सतराव्या दिवशी सुपारी दिवसाउजेडी बाहेर आली. माझ्यासाठी नाही.

आई आठवडाभर राहायला आली होती. आईला कुत्री आवडत नाहीत. "घरात माणसं कमी होती का?" एवढं एकदा विचारून तिनं विषय संपवला. तिनं सुपारीला हाक मारली नाही, वाकून बघितलं नाही, हात पुढे केला नाही, बिस्कीट दाखवलं नाही. ठरलेल्या वेळी उठली, ठरलेल्या वेळी चहा केला, दुपारी पलंगाकडे पाठ करून भाजी निवडत बसली. लंडन नाही, कोल्हा नाही, काही वाचलेलं नाही. तिसऱ्या दुपारी मी ऑफिसातून लवकर आले तर आई जमिनीवर गवारीच्या शेंगा मोडत होती आणि सुपारी तिच्यापासून हातभर अंतरावर, हनुवटी फरशीला टेकून, डोळे मिटून. मी दारातच थांबले. चपला काढायचीही हिंमत होईना.

आईनं मान वळवली नाही. हळू आवाजात म्हणाली, "ही घोरते गं. आणि साडीला केस लागले तर तूच धुवायचीस."