‘बॅटरी दुप्पट’ या दाव्याचं काय करायचं? : कस्टम कर्नल आणि फील्डवर्कचा फोन

जूनच्या शेवटी लाखनीहून एका ज्युनियरचा फोन आला. एम.एस्सी. झालंय, पेटची तयारी चालू आहे, आणि नोंदणी व्हायच्या आधीच गड्याने मामा तलावावर रात्री बेडकांचे आवाज रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे. फोन पाळीवर ठेवायचा, सकाळी उचलायचा. अडचण एकच, पहाटे तीनलाच बॅटरी बसते. म्हणाला, “दादा, कर्नल टाकून पाहू का? बॅटरी दुप्पट चालते म्हणून रायले सगळे.”

(आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. त्यामुळे घरात ‘कर्नल’ शब्द निघाला की आई विचारते, कोण येणार आहे? हा कर्नल तो नव्हे.)

त्याला मी लगेच ‘नको’ म्हटलं नाही. कारण हाच उद्योग मी स्वतः केलेला आहे आणि त्यात सहा रात्रींची रेकॉर्डिंग घालवून बसलो आहे. त्याबद्दल पुढे सांगतो. पण ‘बॅटरी दुप्पट’ हा दावा जरा नीट तपासून बघण्यासारखा आहे. तुम्ही संशोधनात येणार असाल तर असे दावे तुम्हाला शोधनिबंधांतही भेटतील, फक्त भाषा थोडी सभ्य असेल.

आधी कर्नल म्हणजे काय ते थोडक्यात. फोनमधलं अ‍ॅप थेट प्रोसेसरशी, मेमरीशी किंवा माइकशी बोलत नाही. मधे कर्नल असतो. कोणाला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, तो किती वेगाने पळवायचा, कोणता भाग कधी झोपवायचा हे तो ठरवतो. अँड्रॉइडचा कर्नल हा लिनक्सचाच. 1991 मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेला, जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळणारा. या परवान्याची अट अशी की ज्याला तुम्ही कर्नल दिलात त्याला त्याचा सोर्सही मिळाला पाहिजे. म्हणून कंपनीचा सोर्स घेऊन, त्यात फेरफार करून, कोणीही आपला कर्नल बांधू शकतो. यालाच कस्टम कर्नल म्हणतात. काही कंपन्या सोर्स उशिरा देतात, अर्धवट देतात किंवा देतच नाहीत, हा वेगळा रडगाण्याचा विषय आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाका. कर्नल बसवायला फोन रूट असावाच लागतो असं नाही. लागतो तो अनलॉक केलेला बूटलोडर. कर्नल ‘बूट’ नावाच्या विभाजनात असतो आणि तिथली प्रतिमा बदलली की कर्नल बदलला. रूट लागतं ते नंतर, त्या कर्नलची बटणं फिरवायला. दोन्ही कामं लोक एकाच बैठकीत करतात म्हणून एकच वाटतात. फरक लक्षात ठेवा, कारण तुमचा डेटा पुसला जातो तो पहिल्या पायरीवर. बूटलोडर अनलॉक करताना फोन आतली सगळी साठवण साफ करतो. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. नाहीतर चोराने फोन उचलला, अनलॉक केला आणि तुमचे फोटो बघत बसला असं झालं असतं.

माझ्या सहा रात्री अशाच गेल्या. फायली मेमरी कार्डावर जात आहेत असं मी धरून चाललो होतो, त्या आतल्या साठवणीत जात होत्या. पडद्यावर इशारा आला, मी वाचला आणि ‘हो’ दाबलं. गाइडना सांगताना मी ‘फोन खराब झाला’ असं सांगितलं. ते खोटं होतं. फोन उत्तम चालत होता.

आता दाव्याकडे येऊ. एखाद्या लोकप्रिय कर्नलची बदल-यादी उघडा. गव्हर्नर बदलला, व्होल्टेज कमी केलं, वेकलॉक अडवले, साठवणीचा शेड्यूलर बदलला, माइक आणि स्पीकरचा गेन वाढवण्याची सोय दिली. खाली वापरणाऱ्यांचे अनुभव: लोण्यासारखा चालतो, बॅटरी जबरदस्त. वाचताना बघा, एका वेळी किती गोष्टी बदलल्या आहेत. पाच गोष्टी बदलल्या आणि बॅटरी सुधारली, तर श्रेय कोणाला? शिवाय कर्नल टाकताना फोन साफ झाला, जुनी अ‍ॅप्स गेली, रीस्टार्ट झाला. नवा कोरा फोन कोणताही कर्नल असला तरी चार दिवस हलकाच चालतो. ज्याच्याशी तुलना करायची तो नियंत्रण गटच नाही. आणि ज्यांचा फोन कंपनीच्या लोगोवरच अडकून बसला, ते अनुभव लिहायला येत नाहीत. ते दुरुस्तीच्या दुकानात असतात.

बॅटरीचा टक्का हे मोजमापही तपासा. तो इंधनाच्या टाकीतली पातळी नाही, अंदाज आहे. बॅटरीचं व्होल्टेज, आतबाहेर गेलेला विद्युतप्रवाह आणि तापमान यांवरून फोन तो काढतो. बॅटरी जुनी असेल तर तीस टक्क्यांवरून थेट पाचवर उडी मारते. तुमच्या अनुभवात फोन असा मेला असेल तर दोष कर्नलचा नसून त्या अंदाजाचा किंवा थकलेल्या बॅटरीचा असू शकतो.

पण या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. बदल-यादीतले बॅटरीचे बहुतेक दावे खिशातल्या, पडदा बंद असलेल्या फोनबद्दल असतात. फोन गाढ झोपला पाहिजे, अ‍ॅप्सनी त्याला उगाच उठवू नये, म्हणून वेकलॉक अडवायचे. आपला फोन मात्र पाळीवर जागरण करतोय! रेकॉर्डिंगचं अ‍ॅप स्वतःच वेकलॉक धरून बसतं, म्हणूनच आवाज नोंदला जातो. तो वेकलॉक अडवला तर बॅटरी नक्कीच टिकेल, कारण रेकॉर्डिंगच होणार नाही. गव्हर्नरचंही तसंच. एका चॅनेलचा, 16 बिटांचा, सेकंदाला 44,100 नमुन्यांचा आवाज म्हणजे सेकंदाला सुमारे 88 किलोबाइट, तासाला 320 मेगाबाइटच्या आत. इतकं काम प्रोसेसरला किरकोळ. तो आधीच खालच्या वेगावर पेंगत असतो, त्याला आणखी खाली ओढून फार काही हाती लागत नाही.

मग बॅटरी जाते कुठे? माझा संशय रेडिओवर आहे. आमच्याकडे तलावाच्या पाळीवर नेटवर्क एक दांडी असतं, कधी तेही नाही. फोन रात्रभर टॉवर शोधत राहतो, जोर लावून बोलायचा प्रयत्न करतो. हे काम मोडेम करतो आणि त्याचा स्वतःचा वेगळा फर्मवेअर असतो. तुम्ही कर्नल कितीही बदला, मोडेमची ती धडपड थांबत नाही. ती थांबवायचं बटण प्रत्येक फोनच्या पडद्यावर वरून खाली ओढलं की दिसतं, त्यावर विमानाचं चित्र असतं. मी हे एका रात्री केलं, दुसऱ्या रात्री नाही, कर्नल तोच ठेवला, आणि सकाळी उरलेल्या बॅटरीत फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. अर्थात दोन रात्री म्हणजे पुरावा नव्हे, आणि दुसऱ्या रात्री पाऊसही होता. पण कर्नलवर शंका घेण्याआधी हे करून बघायला काही खर्च नाही.

तशीच एक तक्रार: रेकॉर्डिंग मध्यरात्री आपोआप बंद पडतं. यावरही ‘कर्नल टाक’ हा सल्ला मिळतो. अँड्रॉइड 6 पासून डोझ नावाची सोय आली, ती निष्क्रिय पडलेल्या फोनमधली अ‍ॅप्स थोपवते, आणि काही कंपन्या वरून आपली आणखी कडक शिस्त लावतात. हे सगळं कर्नलच्या वरच्या थरात घडतं. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपला बॅटरीच्या काटकसरीतून सूट दिली की बऱ्याचदा प्रश्न मिटतो.

माइकच्या गेनबद्दल मात्र मी कडक आहे. काही कर्नल गेन वाढवण्याची सोय देतात, आणि दूरचा बेडूक ऐकू यावा म्हणून मोह होतो. पण जूनच्या नोंदी एका गेनवर आणि जुलैच्या दुसऱ्या गेनवर असतील तर ‘जुलैत आवाज वाढला’ हे वाक्य तुम्ही लिहू शकत नाही. गेन वाढवल्याने गोंगाटही तितकाच वाढतो, आणि डराव बेडूक जवळ येऊन ओरडला तर तरंगाचं टोक कापलं जातं. फोन स्वतःहून आवाज वरखाली करतो ही अडचण असेल, तर अँड्रॉइड 7 पासून अ‍ॅपला प्रक्रिया न केलेला आवाज मागता येतो. सगळे फोन तो देत नाहीत, तेव्हा आधी तपासा. कमी व्होल्टेजवर चालवलेला प्रोसेसरही मी डेटाच्या फोनवर ठेवणार नाही. तो बंद पडला तर निदान कळतं. गुपचूप चुकला तर कळणारही नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की कस्टम कर्नल बनवणारे थापाडे असतात. अजिबात नाही. माझी तक्रार दाव्यांबद्दल आहे, कामाबद्दल नाही. चांगल्या कर्नलचा प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदलेला असतो: कोणी केला, कधी, का. बिघाड कोणत्या बदलाने आला हे अर्धे-अर्धे करत शोधता येतं. आपल्या किती प्रबंधांचं विश्लेषण असं ओळीओळीने मागे जाऊन तपासता येईल? आणि कंपनीने हात वर केलेल्या जुन्या फोनला सुरक्षा दुरुस्त्या पुष्कळदा याच लोकांकडून मिळतात. 2016 मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाची चूक उघडी पडली, ती 2007 पासून कर्नलमध्ये बसून होती. अशी चूक बुजवायला कर्नल बदलणं हे एकदम रास्त कारण आहे.

कारण रास्त असलं की काम कसं दिसतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ‘आकाश’ टॅब्लेट आठवतो? ऑक्टोबर 2011 मध्ये आलेला पहिला आकाश म्हणजे 366 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 मेगाबाइट मेमरी आणि जोरात दाबावा लागणारा पडदा. त्याची खूप टिंगल झाली आणि ती बरीचशी योग्य होती. नोव्हेंबर 2012 मधला आकाश-2 बरा होता, त्यात ऑलविनरची ए-13 चिप आणि 512 मेगाबाइट मेमरी होती. तोवर प्रकल्प आयआयटी मुंबईकडे, प्रा. दीपक फाटक यांच्याकडे आला होता. तिथल्या चमूने या टॅब्लेटवर सी, सी++, पायथन आणि सायलॅब चालवायची सोय केली आणि पूर्ण जीएनयू/लिनक्सही त्यावर उतरवलं. ए-13 चिप सुरू होताना आधी मेमरी कार्डात डोकावते. कार्डावर सुरू होण्याजोगी प्रणाली असेल तर तीच चालवते, नाहीतर आतलं अँड्रॉइड. म्हणजे लिनक्सचा कर्नल कार्डावर ठेवा, कार्ड घाला, काम करा. कार्ड काढलं की टॅब्लेट होता तसा.

मला हे काम का आवडतं? ‘वेगवान’, ‘मस्त’ अशी विशेषणं लावायची गरजच नव्हती. मूळ प्रणालीत विद्यार्थ्याला सी प्रोग्राम लिहून चालवता येत नव्हता, आता येतो. कोणीही टॅब्लेट हातात घेऊन खरंखोटं करावं. आणि प्रयोग उलटवता येणारा होता.

उणीवही तिथेच आहे. काम एका स्वस्त टॅब्लेटला चिकटलेलं राहिलं. टॅब्लेट बाजारातून आणि शाळा-कॉलेजांतून गेला तसं तेही गेलं. त्याच काळात ऑलविनरच्या चिपांचा प्राथमिक आधार लिनक्सच्या मूळ झाडात घेतला गेला, 2013 च्या सुरुवातीच्या 3.8 आवृत्तीत. ते काम पुढे वाढत गेलं, कारण ते एका वस्तूचं न राहता सगळ्यांच्या सामायिक सोर्सचा भाग झालं. आपल्या विभागांत प्रत्येक स्कॉलर आपलं वेगळं सॉफ्टवेअर लिहितो आणि व्हायव्हा झाला की ते पेनड्राइव्हसकट हरवतं, तेव्हा मला आकाश आठवतो.

तरीही कोणाला कर्नल बदलायचाच असेल, तर डेटाचा फोन आणि प्रयोगाचा फोन वेगळा ठेवा. मॉडेलचं पूर्ण नाव तपासा, एकाच नावाखाली दोन चिपांचे फोन विकले जातात. मूळ बूट प्रतिमा संगणकावर आधी काढून ठेवा. फोन परवानगी देत असेल तर फास्टबूटमधून नवा कर्नल न लिहिता एकदाच चालवून बघा. पटला नाही तर रीस्टार्ट केलं की जुना परत. अनलॉक केलेल्या फोनवर बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स रुसू शकतात. फेलोशिपचे पैसे त्याच फोनवर येत असतील तर हा मुद्दा सगळ्यात आधी.

लाखनीच्या ज्युनियरला मी यातलं निम्मंच सांगितलं. त्याने गेल्या आठवड्यात विमान मोड लावून, पडदा बंद ठेवून, दोन रात्री रेकॉर्डिंग केलं. पहिल्या रात्री सकाळी साडेसहापर्यंत फोन चालू होता. दुसऱ्या रात्री साडेचारला बंद पडला. का, ते त्याला अजून माहीत नाही, मलाही नाही. आज तो दोन सारखे फोन शेजारी-शेजारी ठेवणार आहे, एक विमान मोडवर आणि एक तसाच. दुसरा फोन त्याच्या बहिणीचा आहे, आणि तिने सकाळी सातला परत पाहिजे म्हणून सांगितलंय.