कृष्णाकाठावरची एक ताटातूट

यशवंतराव चव्हाणांच्या ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रातला ‘वैचारिक आंदोलने’ हा भाग मी कितीदा वाचला असेल! देवराष्ट्रातले बालपण, कऱ्हाडची शाळा, १९३२ चा तुरुंग हे सारे वाचकाला सहज पुढे नेते. दुसऱ्या महायुद्धाच्या पानांवर मात्र मी दर वेळी थबकतो. इथे ताटातूट आहे ती आपल्याच माणसांशी.

त्या माणसांत वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. पिंपळनेरचा हा मुलगा प्राज्ञपाठशाळेत शिकला, १९२३ साली कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी घेऊन आला. १९३० च्या चळवळीत तुरुंगात गेला. अस्पृश्यतेच्या वादात सनातन्यांना धर्मशास्त्रातूनच उत्तर देणारा हा पंडित गांधीजींना मोलाचा वाटला. पुढे शास्त्रीबुवा मानवेंद्रनाथ रॉय यांच्याकडे ओढले गेले. रॉय म्हणजे १९२० मध्ये मॉस्कोत खुद्द लेनिनशी वाद घातलेला माणूस. १९३९ ला युद्ध पेटले तेव्हा त्यांनी सांगितले, हिटलर जिंकला तर स्वातंत्र्याची आशाच संपेल, म्हणून आज इंग्रजांच्या युद्धाला साथ द्या. डिसेंबर १९४० मध्ये त्यांचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष निघाला आणि शास्त्रीबुवा त्यात गेले. रॉयवाद्यांच्या कामगार महासंघाला सरकारी तिजोरीतून दरमहा १३ हजार रुपये मिळत, तेव्हा लोकांच्या मनात किल्मिष आले यात नवल नाही. त्यातून हा सातारा जिल्हा! आजच्या सांगलीतले कुंडल तेव्हा औंध संस्थानात, पण याच परिसरात. थोड्याच काळात नाना पाटलांचे प्रतिसरकार इथेच उभे राहणार होते.

चव्हाणांच्या लेखणीचे मोठेपण मला इथे दिसते. रॉय यांच्या विचाराची ओढ ते लपवत नाहीत. तो विचार खोडून काढल्याचा आवही आणत नाहीत. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर देण्याऐवजी त्यांचे मन गावाकडे वळते: ज्या राज्याने आपल्या घरातली माणसे कोंडली, त्याच्यासाठी लढा असे या लोकांना सांगायचे कसे? पुढे रॉयवादी झालेल्या आत्माराम पाटलांसाठी त्यांनी १९३७ ची निवडणूक अंगावर घेतली होती. त्यांच्यापासूनही दूर व्हावे लागले. हे सांगताना भाषा साधी राहते, आवाज चढत नाही, आणि म्हणूनच दुःख पोचते. फितुरीचा आरोप करणे सोपे होते, पण तो ते करत नाहीत. मला एवढेच वाटते, की शास्त्रीबुवांची बाजू त्यांच्याच तोंडून, सविस्तर, याच पानांवर ऐकायला मिळायला हवी होती.

ही कथा १९४६ शी थांबते, म्हणून पुढचे त्यात नाही. १९६० साली मुख्यमंत्री चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद शास्त्रीबुवांच्या हाती दिले, आणि पुढे मराठी विश्वकोशाचे बिऱ्हाड वाईत थाटले गेले. १९८४ मध्ये ‘कृष्णाकाठ’ वाचकांच्या हाती आले, तेव्हा त्याच नदीच्या काठी, वाईत, शास्त्रीबुवा विश्वकोशाच्या पुढच्या खंडांत गढलेले होते.