साक्षर झालात, पण वाचायला किती वेळ लागतो?

हेलन अबाड्झी यांनी २००३ मध्ये जागतिक बँकेसाठी प्रौढ साक्षरतेवर एक पुस्तक लिहिलं. मला वाटलं योजनांचा आढावा असेल, निघालं मेंदूबद्दल.

मुद्दा साधा आहे. आपली तात्पुरती स्मृती थोडंच, आणि तेही काही सेकंदच धरून ठेवते. एकेक अक्षर जुळवत वाचणारा माणूस वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. ‘ग्रामपंचायत’मधला ‘ग्र’ सोडवतानाच दमछाक झाली, तर नोटिशीत काय लिहिलंय ते कळणार कसं? म्हणजे नुसती अक्षरओळख पुरत नाही, वेग लागतो. तो आला नाही, तर शिकलेलंही सुटतं.

आता आपली ‘उल्लास’ योजना बघा. मुदत २०२२ ते २०२७, लक्ष्य १५ वर्षांवरच्या ५ कोटी लोकांचं. परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. प्रत्येकात ३३ टक्के मिळाले की माणूस साक्षर. वेगासाठी वेगळे गुण नाहीत.

पुस्तकाबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्याचा सगळा भर शिकणाऱ्याच्या डोक्यावर. शिकवणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न मागे पडतो. वेग रोजच्या सरावाने येतो, आणि तो सराव घेणारं माणूसही रोज यावं लागतं. ‘उल्लास’मध्ये हे काम मानधनाशिवाय स्वयंसेवकांकडे आहे. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही, पण लहान मुलांची शाळा आपण अशी चालवली असती का?