एक खूण, दोन अर्थ : टर्मिनल एम्युलेटरच्या रचनेतील एक प्रश्न

संगणकाला लिखित आज्ञा देण्याचे जे साधन आज टर्मिनल एम्युलेटर या नावाने ओळखले जाते, ते मुळात एका जुन्या यंत्राची नक्कल आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ऊर्फ डेक या कंपनीचे व्हीटी-१०० हे यंत्र १९७८ साली बाजारात आले. पडदा आणि कळफलक असलेले हे उपकरण दूरच्या संगणकाशी तारेने जोडलेले असे. यंत्र गेले, पण त्याची संकेतव्यवस्था उरली. १९८४ साली सुरू झालेल्या एक्सटर्मपासून आजच्या विंडोज टर्मिनलपर्यंतच्या एम्युलेटरांनी ती कमीअधिक प्रमाणात जतन केली आहे. नवख्याची अडचण आणि जाणत्याची सोय ही दोन्ही या वारशातूनच निर्माण होतात. त्यांचा मेळ घालण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे परीक्षण एका ठळक उदाहरणाच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

ते उदाहरण म्हणजे कंट्रोल आणि सी या दोन कळा एकत्र दाबण्याची खूण. ‘सी’ हे रोमन वर्णमालेतील तिसरे अक्षर. म्हणून कंट्रोलसह ते दाबले असता आस्की संकेतावलीतील तिसरा संकेत संगणकाकडे जातो. चालू काम थांबविण्याची आज्ञा म्हणून हा संकेत डेकच्या प्रणालींत रूढ झाला व पुढे युनिक्सच्या परंपरेत स्थिरावला. दुसरीकडे, १९८४ च्या मॅकिंटॉशने कमांड नावाची स्वतंत्र कळ ‘सी’बरोबर दाबून मजकुराची नक्कल घेण्याचा प्रघात सर्वपरिचित केला. पुढे विंडोजने हाच प्रघात स्वीकारला, मात्र कमांडच्या जागी कंट्रोल योजिली. परिणामी एकाच खुणेला दोन अर्थ प्राप्त झाले. पत्रलेखनात ज्या खुणेने मजकूर उचलला जातो, तीच टर्मिनलमध्ये चालू काम बंद पाडते. अनेक तास चाललेले शब्दगणनेचे काम, पडद्यावरील एक ओळ उतरवून घेण्याच्या नादात, नवख्याच्या हातून क्षणार्धात नष्ट होऊ शकते. प्रश्न केवळ सोयीचा नाही, तो इथेच स्पष्ट होतो.

या द्व्यर्थतेवर तीन तोडगे प्रचारात आहेत. मॅकवर प्रश्न मुळातच उद्भवत नाही. तेथे नक्कल कमांडने आणि थांबविणे कंट्रोलने होते. तथापि याचे श्रेय योजकाच्या दूरदृष्टीला देणे कठीण आहे. मॅकिंटॉशच्या मूळ कळफलकावर कंट्रोल ही कळच नव्हती. ग्नोम टर्मिनल आणि कॉन्सोल यांनी जुना अर्थ अबाधित ठेवून नकलेसाठी शिफ्टची भर घातली. जुन्या संकेतव्यवस्थेत कंट्रोलसह लहान व मोठे ‘सी’ यांचा संकेत एकच असल्यामुळे ही जागा रिकामी होती. जाणत्याची सवय येथे मोडत नाही. नवख्याला मात्र एक अपवाद शिकावा लागतो, आणि तोच अपवाद सवयीने फायरफॉक्ससारख्या ब्राउझरमध्ये वापरला तर तेथे भलतीच खिडकी उघडते.

तिसरा तोडगा विंडोज टर्मिनलचा. मजकूर निवडलेला असेल तर नक्कल, नसेल तर थांबविणे, असा अर्थनिर्णय तेथे प्रसंगावर सोपविला आहे. भारतीय शब्दमीमांसेला ही कल्पना नवी नाही. जेवताना सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा, हे उदाहरण प्रसिद्ध आहे. अनेकार्थक शब्दाचा अर्थ ज्या कारणांनी निश्चित होतो, त्यांची गणना भर्तृहरीने केली आहे. या दृष्टीने विंडोज टर्मिनलचा तोडगा तिघांत अधिक स्वाभाविक वाटतो.

परंतु सैंधवाच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे : ताट मांडलेले आहे हे मागणाऱ्यालाही दिसते आणि आणणाऱ्यालाही. टर्मिनलमध्ये याची शाश्वती नाही. चालू कामाच्या ओळी वाहत असताना निवडलेला मजकूर वर सरकून दृष्टीआड होऊ शकतो. यंत्राला निवड ज्ञात असते, मनुष्याला ती दिसत नाही. अशा वेळी काम थांबविण्यासाठी केलेली खूण केवळ नक्कल घेते आणि काम पुढे चालूच राहते; ती पुन्हा करावी लागते. येथे फसतो तो जाणता. म्हणून असे म्हणावे लागते की, प्रसंगावर अर्थ सोपविणे तेव्हाच ग्राह्य, जेव्हा प्रसंग खूण करणाऱ्यालाही प्रत्यक्ष असतो.

येथे एक आक्षेप संभवतो. नवखा आणि जाणता यांच्या गरजा परस्परविरोधी असताना दोहोंसाठी एकच रचना का असावी? याचे उत्तर असे की, हे दोन वर्ग नसून एकाच व्यक्तीच्या दोन अवस्था आहेत. जी रचना पहिल्या अवस्थेतून दुसरीकडे नेत नाही, ती दोहोंनाही अपुरी पडते. एक्सटर्मला मेनू आहेत. पण कंट्रोल धरून माऊसचे बटण दाबल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणजे मदत हवी असलेल्याने मदत कोठे आहे हे आधीच जाणले पाहिजे. उलट ग्नोम टर्मिनलच्या मेनूत प्रत्येक कृतीच्या नावासमोर तिची खूण लिहिलेली असते. नवखा नाव वाचून काम करतो आणि न सांगता खूण शिकतो; द्विभाषिक कोशाचे कार्य याहून वेगळे नाही. विंडोज टर्मिनलची पहिली पूर्ण आवृत्ती २०२० साली आली, तेव्हा त्याची मांडणी बदलण्यासाठी मजकुराची एक फाईल हाताने लिहावी लागे. २०२१ साली त्यासाठी चित्रमय पान आले, पण फाईल काढून टाकली गेली नाही. पानावर केलेला बदल त्याच फाईलमध्ये उमटतो. ज्याला इच्छा असेल त्याला पानावरून फाईलकडे जाता येते. या रचनेतील हा भाग निःसंशय अनुकरणीय आहे.

अनेक ओळींचा मजकूर चिकटविताना हेच साधन आधी विचारणा करते, कारण ओळ संपताच आज्ञा अमलात येण्याचा धोका असतो. ही विचारणा जाणत्याला बंद करता येते. विचारणेत धोक्याचे कारणही सांगितलेले असेल, तर ती बंद करण्याची योग्यता नवख्याच्या अंगी आपोआप येईल. द्व्यर्थी खुणेच्या बाबतीतही हाच मार्ग हितकर दिसतो. निवड दृष्टीआड असताना त्या खुणेने नक्कल झाली, तर तसे पडद्याच्या कडेला एका शब्दात कळवावे. त्यासाठी जुना संकेत बदलण्याची गरज नाही, आणि नव्याने शिकणाऱ्यापासून काही लपविण्याचीही नाही.