अतिमानव, कॉमिक्स आणि न्यूटनचा दुसरा नियम

हडपसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे माझे एक मित्र आहेत. मध्यंतरी गाडीतळाजवळ भेट झाली, तेव्हा त्यांनी पिशवीतून एक इंग्रजी कॉमिक काढून दाखवले. नववीतल्या एका मुलाकडून त्यांनी ते काढून घेतले होते. गतीचे नियम शिकवत असताना या मुलाने विचारले होते, "सर, उंचावरून पडणाऱ्या माणसाला मध्येच दोरीने धरलं, तर तो वाचतो ना?" सरांनी उत्तर दिले, "कॉमिक्समधलं वर्गात आणू नकोस." त्या दिवसापासून मुलाने हात वर करणे बंद केले.

"प्रश्न चांगला होता, हे मला घरी गेल्यावर कळलं," मित्र म्हणाले. "आता मलाच वाचायला हवं. पण डॉक्टर, माझं वाचन थांबलं ते वेताळावर. सुरुवात कुठून करू ते सांगा."

हा लेख म्हणजे त्यांना दिलेले उत्तर. वेताळावर थांबलेले शिक्षक बरेच असतील, म्हणून ते इथे मांडतो.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये बंद पडले. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला वेताळ त्यातून मराठीतही घरोघर पोचला. त्याच्याकडे कोणतीही अतिमानवी शक्ती नव्हती. तो अमर आहे असे जंगलातले लोक मानत, कारण बापामागून मुलगा तोच पोशाख चढवी. शिवाय बहुतेक गोष्टी एका अंकात पुऱ्या होत. आजच्या वाचकाची अडचण नेमकी इथे आहे. अमेरिकन अतिमानवांच्या कथा साठ-साठ, ऐंशी-ऐंशी वर्षे चालू आहेत. पहिल्या अंकापासून सारे वाचू म्हणणारा महिनाभरात कंटाळेल. त्यापेक्षा दोन ते बारा अंकांत संपणाऱ्या निवडक कथामालिका घ्याव्यात.

निवडीसाठी माझी कसोटी साधी आहे. लेखकाला एक अशक्य गोष्ट उधार द्यावी. माणूस भिंतीवर चढतो, कबूल. त्यानंतरचा हिशेब मात्र लेखकाने चोख ठेवला पाहिजे. दर पानावर नवी उधारी मागणारी कथा मिटून ठेवावी.

या कसोटीवर मी पहिली शिफारस करतो ती 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२१ आणि १२२ या अंकांची. ते १९७३ साली निघाले. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार गिल केन. खलनायक ग्रीन गॉब्लिन नायकाची मैत्रीण ग्वेन हिला पुलाच्या उंच मनोऱ्यावरून ढकलतो. स्पायडर-मॅन जाळ्याचा दोर फेकून तिला मध्येच धरतो आणि आनंदाने वर ओढतो. वर येते ते तिचे प्रेत. दोर बसला त्या चित्रात तिच्या मानेजवळ एक अगदी लहान आवाज लिहिलेला आहे. घाईच्या वाचकाच्या तो नजरेतूनही सुटतो.

ती कशाने मेली? गॉब्लिन म्हणतो की इतक्या उंचीवरून पडणारा माणूस खाली पोचण्याआधीच मरतो. हे साफ चूक आहे. मुक्त पतनात शरीराचा प्रत्येक भाग सारख्याच त्वरणाने खाली येतो. विमानातून हौशी उडी घेणारे छत्री उघडण्यापूर्वी ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने पडतात आणि सुखरूप असतात. पडणे मारत नाही, थांबणे मारते. पुढे १२५व्या अंकाच्या पत्रसदरात खुलासा आला, तो याच दिशेचा होता: अचानक थांबवल्याने मानेला बसलेला हिसका प्राणघातक ठरला.

आता गणित करू. समजा ती ९० मीटर पडली. वेगाचा वर्ग = २ × ९.८ × ९० = १७६४, म्हणून वेग सेकंदाला ४२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५० किलोमीटर. दोराने तिला एक दशांश सेकंदात थांबवले, तर मंदन ४२० मीटर प्रति सेकंद वर्ग होते. गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ ४३ पट. वस्तुमान ५० किलोग्रॅम धरले, तर बल २१ हजार न्यूटनांच्या वर जाते. दोन टनांहून जास्त वजन अंगावर यावे तसे. तोच वेग दोन सेकंदांत शून्यावर आणला, तर मंदन २१ वर येते. त्यासाठी दोर ४२ मीटर ताणला जायला हवा, पण माणूस वाचण्याची आशा राहते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी २००५ सालच्या 'द फिजिक्स ऑफ सुपरहीरोज' या पुस्तकात याच प्रसंगाचा हिशेब मांडला आहे.

हा नियम हडपसरच्या भाजीबाजारात रोज दिसतो. ट्रकमधून फेकलेले कलिंगड झेलणारा हमाल हात ताठ ठेवत नाही. तो कलिंगडाबरोबर हात खाली नेतो. संवेगात होणारा बदल तेवढाच राहतो, वेळ वाढतो आणि बल कमी होते. स्पायडर-मॅन हमालाइतका सावध राहिला असता, तर कथा वेगळी झाली असती.

या कथेला मी एवढे महत्त्व देतो त्याला एक कारण आहे. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाल्यावर, तो वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी उंचावरून उड्या घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. तेव्हा अनेक घरांत उपदेश झाला की हे सगळे खोटे असते. उपदेश बरोबर होता, पण अपुरा. मुलाला जे पटायला हवे ते असे, की अतिमानव खरोखर आला, त्याने वेळेवर झेलले, तरीही माणूस मरू शकतो. हे या कथेइतके स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही.

दुसरी शिफारस सुपरमॅनची, आणि ती दोन टोकांची. जून १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. पहिल्याच पानावर त्याच्या बळाचे 'शास्त्रीय' स्पष्टीकरण आहे: मुंगी स्वतःच्या कित्येक पट वजन उचलते, नाकतोडा स्वतःच्या मानाने प्रचंड उडी मारतो, मग याने का करू नये? हे पान वर्गात जरूर दाखवावे, कारण त्यातली चूक मुलांना स्वतः शोधता येते. मुंगी ३०० पट लांब, रुंद आणि उंच केली, तर स्नायूंचा छेद ९० हजार पट होतो, पण वजन २ कोटी ७० लाख पट. म्हणजे वजनाच्या मानाने तिची ताकद ३०० पटींनी घटते. आधी स्वतःच्या ५० पट ओझे उचलणारी मुंगी आता स्वतःच्या एक षष्ठांशसुद्धा उचलणार नाही. तिला उभे राहणेही कठीण. आयुष्याची शेवटची वर्षे भारतात घालवणारे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालीच प्राण्यांच्या योग्य आकारावरील निबंधात हे सुंदर समजावले होते. सुपरमॅनच्या जनकांनी बारा वर्षांनंतर नेमकी तीच चूक केली.

दुसरे टोक म्हणजे ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांची 'ऑल-स्टार सुपरमॅन' ही बारा अंकांची मालिका (२००५ ते २००८). इथे उधारी एकच: त्याचे बळ सूर्यप्रकाशातून येते. सूर्याजवळ अडकलेल्यांना वाचवताना त्याच्या पेशी नको इतकी ऊर्जा शोषतात आणि तो मरणपंथाला लागतो. ज्याने जगवले तेच अति झाल्यावर मारते. औषधाची मात्रा शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे ओळखीचे वाटेल. मालिकेत पुढे चमत्कारांची गर्दी होते आणि माझी कसोटी थोडी ताणली जाते. पण उरलेला वेळ कसा वापरावा, हा प्रश्न लेखक शेवटपर्यंत सोडत नाही.

तिसरी शिफारस हिंदीतली. राज कॉमिक्सने १९८७ साली आणलेला, अनुपम सिन्हा यांचा सुपर कमांडो ध्रुव. आरंभ 'प्रतिशोध की ज्वाला'पासून करावा. ध्रुव सर्कशीत वाढलेला मुलगा आहे, अंगी अतिमानवी शक्ती नाही. तो बऱ्याचदा सुटतो तो निरीक्षणामुळे आणि शाळेतल्या विज्ञानामुळे. फुरसुंगीच्या फास्टर फेणेवर वाढलेल्या आपल्या भागातल्या वाचकाला हा मुलगा परका वाटणार नाही. भाषा सोपी असल्याने विद्यार्थीही थेट वाचू शकतात.

एका मालिकेपासून मात्र सुरुवात करू नये: २००४ साली आलेली 'स्पायडर-मॅन: इंडिया'. नायक पवित्र प्रभाकर, गाव मुंबई, म्हणून ती आपल्याला जवळची वाटते. त्याला शक्ती मिळते एका योग्याकडून. मूळ कथेतला किरणोत्सर्गी कोळ्याचा चावा तरी कुठे शास्त्रीय आहे, असे कोणी विचारील. नाहीच. दोन्ही उधाऱ्या सारख्याच अशक्य आहेत. पण मूळ पीटर पार्कर चाव्यानंतर घरी बसून जाळ्याचा चिकट द्रव आणि तो फेकणारे यंत्र स्वतः तयार करतो. तो विज्ञानाचा विद्यार्थी आहे, आणि त्याच्या विजयात त्याच्या अभ्यासाचा वाटा आहे. भारतीय रूपात शक्तीबरोबर सगळे वरूनच लाभते. कथा भारतीय करायची म्हणजे प्रयोगशाळा काढून योगी आणायचा, ही समजूत मला खटकते. मुंबईच्या मुलाला रसायनशास्त्र येत नाही काय?

मित्राने ही यादी लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलाला कॉमिक परत केले आणि वर्गात ग्वेनचा प्रसंग फळ्यावर मांडला. मग मैदानावर दोघांनी चादर सैल धरली आणि बाकीच्यांनी तिच्यावर जोरात अंडी फेकली. एकही फुटले नाही. शेवटचे अंडे भिंतीवर फेकले, त्याचे काय झाले ते सांगायला नको.

रात्री त्यांचा फोन आला. त्या मुलाने हात वर केला होता. "सर, दोर रबरासारखा ताणला तर ती परत वर उडेल. मग संवेगातला बदल वाढेल, की नाही?"

सरांनी उत्तर दिलेले नाही. या वेळी प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आहे.