पिवळ्या रंगाची ऊब

रंगांचीहि हल्लीं लाट येत असते. पँटोन ही अमेरिकन कंपनी दरवर्षीं 'वर्षाचा रंग' जाहीर करते, आणि कापडाच्या दुकानांपासून दिवाणखान्याच्या भिंतींपर्यंत त्याचा बोलबाला होतो. २०२१ सालासाठीं तिनें उजळ पिवळा निवडला; मात्र त्याच्या जोडीस करडाहि दिला. झगझगीत रंगास शांत सोबती लागतो, हें व्यापारासहि पटलें म्हणावयाचें! चित्रकलेंत या सोबतीचें मोल केवढें आहे, हें व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पिवळ्या रंगावरून कळतें.

१७९७ मध्यें व्होकलँ या फ्रेंच रसायनज्ञानें क्रोमियम धातूचा शोध लावला, आणि पुढें शिसें व क्रोमियम यांच्या संयुगापासून क्रोम पिवळा हा रंग चित्रकारांच्या हातीं आला. व्हॅन गॉगनें ऑगस्ट १८८८ मध्यें दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथें सूर्यफुलांचीं चित्रें काढलीं, त्यांत हाच रंग आहे. मित्र गोगँ राहावयास येणार, म्हणून घर सजविण्याचा तो बेत होता. लंडनच्या नॅशनल गॅलरींतील चित्रांत फुलें पिवळीं, फुलदाणी पिवळी, मेज पिवळें आणि मागील भिंतहि पिवळीच! एवढ्या पिवळ्यानें डोळे दिपावयास हवेत. परंतु ते निवतात. कारण तो पिवळा एकजिनसी नाहीं. लिंबाच्या सालीपासून मातकट गेरूपर्यंत त्याच्या छटा उतरत जातात. कांहीं फुलें टवटवीत आहेत, तर कांहींच्या पाकळ्या गळून गेल्या आहेत. त्यांत निळ्या रंगाच्या मोजक्या रेघा, आणि फुलदाणीवर निळीच सही. एवढ्याशा थंडाव्यानें सगळ्या चित्रास ऊब आणली आहे.

पुढच्याच महिन्यांत त्यानें रात्रीच्या कॅफेचें चित्र काढलें. तेथें भिंती लाल, छत हिरवें, जमीन पिवळी आणि दिवेहि पिवळे. पण येथें ऊब नाहीं, ताप आहे. पाहणाऱ्याचा जीव घुसमटतो. शेजार बदलला आणि पिवळ्याचा स्वभावच पालटला.

'नव्या भडक रंगानेंच त्याचें काम केलें,' असा आक्षेप कोणी घेईल. आम्हांस तो मान्य नाहीं. इंप्रेशनिस्टांनीं रूढ केलेले रंग टिकाऊ नाहींत, हें त्यास ठाऊक होतें. काळ त्यांस फार मवाळ करील, म्हणून ते धीटपणें व कच्चेच वापरावे, अशा आशयाचें पत्र त्यानें एप्रिल १८८८ मध्यें भाऊ थिओ यास लिहिलें होतें. उजेडानें क्रोम पिवळ्यांत रासायनिक बदल होऊन तो काळवंडतो, हें २०११ मध्यें संशोधकांनीं दाखवून दिलें. ही हानि लहान नव्हे. तरीहि चित्र उभें आहे. कारण त्याचा आधार झळाळी नसून छटांचें परस्परांशीं जमलेलें नातें हा आहे.

बाजारांतील पुष्कळ छापील प्रतींत नेमकें हेंच नातें हरवतें: गेरू नाहींसा होतो, सुकलेलीं फुलेंहि ताजीं दिसूं लागतात, आणि सगळा एकच चकचकीत पिवळा उरतो. अशी प्रत घरांत लावण्यापूर्वीं वाचकांनीं तींत कोमेजलेलीं फुलें शोधावीं. तीं दिसत नसतील, तर भिंतीवर फॅशन येईल, व्हॅन गॉग येणार नाहीं.