सार्डिनियातील शिलाबुरूज : एका उपपत्तीची चिकित्सा

सार्डिनिया बेटावरील ‘नुरागे’ या शिलाबुरुजांविषयीचे विवेचन आजही ज्योव्हान्नी लिल्यू (१९१४–२०१२) यांच्या छायेत वावरते. बारूमिनी येथील ‘सु नुराझी’चे त्यांनी १९५० च्या दशकात केलेले उत्खनन पायाभूत होय, याविषयी दुमत संभवत नाही. परंतु नुरागे म्हणजे प्राधान्याने दुर्ग, ही त्यांची उपपत्ती मात्र तपासून घेतली पाहिजे. १९७१ मध्ये त्यांनी परचक्राला सतत प्रतिकार करणे हाच सार्ड समाजाचा स्थायीभाव असल्याचे प्रतिपादन केले. बुरुजांचे लढाऊ रूप या प्रतिपादनाशी इतके सोयीस्करपणे जुळते की, वाचकाने सावध राहावे.

बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २४,००० चौरस किलोमीटर आणि ज्ञात नुरागे सुमारे ७,०००. म्हणजे सरासरी साडेतीन चौरस किलोमीटरांस एक. इतके दुर्ग कोणत्या परचक्रासाठी? त्यांतील बहुसंख्य तर एकाकी, एकबुरुजी आहेत. सु नुराझीचा मध्यबुरूज, त्याभोवतीचा चौबुरुजी कोट व बाहेरील तट ही निरनिराळ्या काळांतील भर होय. शेवटच्या अवस्थेवरून आरंभीचा हेतू ठरविणे तर्कशुद्ध नव्हे. पाल्माव्हेरा येथील सभागृहात नुरागेची लहान पाषाणप्रतिकृती सापडली आहे. नवे बुरूज बांधणे थांबल्यानंतरही बुरुजाची प्रतिमा पूज्य राहिली, हे केवळ लष्करी उपयुक्ततेने उलगडत नाही.

दुसरा दोष लोकप्रिय लेखनाचा. ‘दोमुस दे यानास’, म्हणजे पऱ्यांची घरे, या नावाच्या शैलोत्कीर्ण थडग्यांना त्यात बुरुजांच्या पंक्तीस बसवून एकच ‘गूढ जमात’ उभी केली जाते. थडगी मुख्यतः इ. स. पू. चौथ्या सहस्रकातील ओझिएरी संस्कृतीची, तर बुरूज दुसऱ्या सहस्रकातील. मध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर! आल्गेरोनजीकच्या आंगेलू रूयू येथे खडकात कोरलेली खोटी दारे व वृषभशृंगे आहेत. अन्यत्र लाकडी छताचे वासेही दगडात उतरविलेले दिसतात. ती लाकडी घरे नष्ट झाल्यामुळे जिवंतांच्या वास्तूचा उत्तम पुरावा मृतांच्या वास्तूतच उरला आहे.

तरीही संबंध अजिबात नव्हता असे नाही. वायव्य भागात नुरागेकालीन लोकांनी काही शैलोत्कीर्ण थडग्यांची दर्शनी बाजू आपल्या ‘राक्षसांच्या थडग्यां’च्या धर्तीवर कोरली. हे सातत्य वंशाचे असेलच असे नाही. पूर्वजत्व येथे हेतुतः पत्करलेले दिसते. दुर्गवादाच्या चौकटीत या कृतीला जागाच नाही.